बिनदोरीची टोपी

आमच्या अंबाजोगाईची माणसं फिरायला कोकणात जातात, हंपीला जातात. ज्यांची मुलं बाहेर आहेत ती दुबई बघून येतात आणि पुढचे सहा महिने दुसरा विषय काढत नाहीत. मी यंदा मार्चच्या अखेरीस पाच दिवस मोशी, चाकण, पिंपरी आणि पिंपळे गुरव एवढा मुलूख पाहून आले. परत आल्यावर शेजारणीने विचारलं, तिकडे बघण्यासारखं काय आहे? मी म्हटलं, टोप्या. तिला वाटलं मी थट्टा करतेय. थट्टा नव्हती. मी जे पाहिलं ते तिला उभ्या उभ्या सांगून संपलं नसतं, म्हणून बसून लिहिते आहे.

आधी माझ्याविषयी. मी शिवणकाम करते. तेहतीस वर्षं झाली. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं छोटं दुकान आहे आणि त्या दुकानातून इस्त्री न केलेला कपडा आजवर बाहेर गेलेला नाही. दुसऱ्याच्या शिवणीत खोट काढणं हा माझा जुना दुर्गुण आहे, तो मला ठाऊक आहे आणि तो जाईल असं वाटत नाही.

माझी धाकटी बहीण निर्मला लग्न होऊन मोशीला गेली त्याला बावीस वर्षं झाली. नवरा, दिगंबर, एका कारखान्याच्या प्रेसशॉपमध्ये, पत्रा दाबायच्या यंत्रावर आहे. ती स्वतः चाकणच्या एका कंपनीत बागकामाच्या ठेक्यावर जाते. फेब्रुवारीच्या शेवटी तिच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डोळ्याच्या कोपऱ्यात मांस वाढत बुबुळापर्यंत आलं होतं. उन्हाधुळीत वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांना हे होतं म्हणे. डॉक्टरांनी सांगितलं, सहा महिने काळा चष्मा आणि चार बोटं रुंद काठाची टोपी, उन्हात एक मिनिटही त्याशिवाय नाही, नाहीतर पुन्हा वाढेल. ती कामावर परत गेली आणि आठवड्यातच फोनवर रडली. म्हणाली, अक्का, टोपी डोक्यावर राहत नाही गं. टोपी राहत नाही म्हणून रडणारी बाई मी पहिल्यांदाच ऐकत होते. दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावून मी निघाले.

गुरुवार, मोशी

प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, गाडीत झोप आली नाही एवढंच. मोशीला उतरले तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. मी दहा वर्षांपूर्वी आले होते तेव्हा निर्मलाच्या खोलीच्या मागे ज्वारी उभी होती. आता तिथे चौदा मजली इमारती आहेत आणि त्यांच्या मधोमध एक म्हैस बांधलेली आहे. म्हशीच्या मालकाचीच ती जमीन होती असं कळलं. इंद्रायणी जवळच आहे, पण पाणी बघायला जावं तर आधी जलपर्णी दिसते.

निर्मला माझ्यासाठी रजा घेऊन थांबली होती. घरात शिरल्यावर मी सोबत आणलेलं आमटीचं येसर आणि धपाटे काढले. निर्मलाने चष्मा काढून धपाटा खाल्ला आणि मला तिचा डोळा दिसला. लाल होता, पण शिवण बरी होती. मी शिवणीकडेच आधी बघते, काय करणार. मग तिने टोपी आणून दिली.

खाकी, गोल, सगळीकडून काठ असलेली टोपी. ठेकेदार वर्षाला एक देतो. मी ती उलटी केली आणि नाक मुरडलं. काठाला आत काहीच घातलेलं नव्हतं, नुसते दोन पदर आणि वर चार टीपा. दोनदा धुतल्यावर काठ भिजलेल्या पापडासारखा खाली आला होता. शिवाय ती पुरुषाच्या डोक्याच्या मापाची होती. निर्मलाचं डोकं लहान, त्यात तीन वर्षांपूर्वी टायफॉइडमध्ये केस गेले ते परत दाट आलेच नाहीत. टोपी घातली की ती थेट चष्म्यावर येऊन बसायची.

मी म्हटलं, हनुवटीखाली दोरी लाव की, पोरासोरांच्या टोपीला असते तशी. ती म्हणाली, तेच तर नाही चालत. पूर्वी दोऱ्या होत्या. एकदा एका बाईची सुटलेली दोरी गवत कापायच्या यंत्रात गेली आणि मान खाली ओढली गेली. बाई वाचली, पण त्या दिवशी कात्री आणून सगळ्यांच्या दोऱ्या कापल्या. तेव्हापासून टोपीला लोंबणारं काहीही चालत नाही. आणि डोक्यावर टोपी नसेल तर तेही चालत नाही.

निर्मला कंपनीच्या भिंतीबाहेर रस्त्याकडेची झाडं बघते. शेजारून कंटेनर गेला की वाऱ्याने टोपी एकतर उडायची नाहीतर डोळ्यावर यायची. एकदा डोळ्यावर आली तेव्हा ती न बघता मागे सरकली आणि एक टेम्पो तिच्या कोपराला लागून गेला. त्या भीतीने ती टोपी काढून हातात धरायला लागली. सेफ्टीच्या साहेबांनी दोनदा लिहून घेतलं होतं. तिसऱ्यांदा दिसली तर गेटपास जमा. सोमवारी ते सगळ्या बायकांच्या टोप्या गेटवर तपासणार होते.

मी विचारलं, दुसरं काम नाही का मिळणार? मिळेल की, ती म्हणाली, पण ते पण उन्हातलंच असेल, आणि तिथं टोपी घाल म्हणणारं कोणी नसेल. मग डोळा गेलाच समज. तिने हे भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. मी मोठी बहीण आणि शिंपीण, आणि माझ्यासमोर दीड वीत कापडाचा प्रश्न होता. मला वाटलं, हा तर एका दुपारचा खेळ आहे.

शुक्रवार, चाकण

सकाळी निर्मलाबरोबर मीही गेले. मोशी ते चाकण अंतर थोडं आणि वेळ भरपूर. पुढे नव्या कोऱ्या मोटारी दोन मजल्यांवर लादलेले ट्रेलर उभे, मागे कंपन्यांच्या बसगाड्या, आणि मधल्या फटींतून दुचाकीवाले. आमच्याकडे लग्नाची वरात सोडली तर इतकी माणसं एकदम हळू चालताना मी पाहिलेली नाहीत. डावीकडे दूर उघडा डोंगर दिसतो आणि बाकी सगळीकडे पत्र्याच्या उंच भिंती, ज्यांच्या आत काय होतं ते बाहेरून कळत नाही.

मला आत सोडणार नव्हते. मी समोरच्या टपरीवर पोहे घेऊन बसले. पोह्यांवर तर्री घालतात इथे, मला आवडली. समोर अकरा बायका झाडांना आळी करत होत्या, सगळ्यांच्या डोक्यावर तीच खाकी टोपी. दहा जणींच्या टोप्या कंटेनर गेले तरी हलत नव्हत्या. निर्मला एका हाताने टोपी धरून एका हाताने खुरपं चालवत होती. मला ते बघवेना.

साडेबाराला त्या जेवायला पिंपळाखाली आल्या तेव्हा मी तिथे जाऊन बसले आणि प्रत्येकीची टोपी मागितली. आधी कोणी देईना. गेटवर पाटी आहे, दिलेल्या वस्तूत फेरफार करायचा नाही, आणि प्रत्येकीने फेरफार केलेला होता. मी निर्मलाची बहीण आणि शिंपीण आहे म्हटल्यावर मंदाबाईंनी मान डोलावली, मग टोप्या आल्या. मंदाबाई त्यांच्यात सगळ्यात मोठ्या, साठीच्या आसपास, मूळच्या मोशीच्या.

त्या दुपारी जे पाहिलं ते मी तेहतीस वर्षांत पाहिलं नव्हतं. एकीने टोपीच्या आतल्या कडेला गाडीच्या दाराचं काळं रबर शिवलं होतं, ते तेल लावलेल्या केसांवरूनही घसरत नाही. एकीने चांभाराकडून बुटाच्या पितळी कड्या ठोकून घेतल्या होत्या, हवा खेळावी म्हणून. चष्मा लावणाऱ्या एकीने कानाजवळ आतून इलॅस्टिकचे दोन छोटे पट्टे केले होते, चष्म्याच्या काड्या त्यात जातात आणि टोपीचं ओझं काड्यांवर येत नाही. आणि जवळजवळ सगळ्यांच्या काठात एक गोष्ट सारखी होती. मी चिमटीत धरून वाकवली, सोडली, ती टणकन जागेवर आली. मला कळेना आत काय आहे.

खोक्यांना बांधतात ती प्लास्टिकची चपटी पट्टी. चाकणमध्ये ती मातीइतकी पडलेली असते. सुट्या भागांची खोकी येतात, पट्ट्या कापून फेकतात. ह्या बायका ती काठाच्या दोन पदरांमध्ये गोल सरकवतात आणि टोक शिवून टाकतात. धुतली तरी बिघडत नाही, गंजत नाही, तुटत नाही. काठ ताठ ठेवायला दुकानातून जे बकरम मी मापून आणते त्यापेक्षा शंभर पटीने बरी.

पण टोपी उडत का नाही? ह्यावर मंदाबाई पाठमोऱ्या झाल्या. त्यांच्या टोपीला मागे मोठ्या काजासारखी फट होती, कडा कापडी पट्टीने बांधलेल्या, आणि त्या फटीतून त्यांचा आंबाडा बाहेर आलेला होता. टोपी केसांतच अडकवलेली. दोरी नाही, पिन नाही.

"टोपी गड्यांची हाय, त्यास्नी आंबाडा कुटं आस्तुया," त्या म्हणाल्या. "आमी आमच्या डोस्क्यापरमानं केली."

सात जणींच्या टोप्यांना अशी फट होती. ज्यांचे केस कमी त्यांनी गंगावन लावून आंबाडा वाढवला होता. निर्मलालाही त्यांनी तेच सांगितलं होतं, पण टायफॉइडनंतर तिच्या केसांना गंगावनाचं ओझं झेपत नव्हतं, मुळाशी दुखायचं. मी मनात म्हटलं, हे सगळं ठीक आहे, पण टीपा बघा, वेड्यावाकड्या. मी करेन ती टोपी नीट असेल. मनातच म्हटलं हे बरं झालं.

शनिवार, पिंपरी

केसांशिवाय टोपी डोक्याला धरायची कशी, हा प्रश्न रात्रभर पुरला. सकाळी चहा पिताना उत्तर दारामागे दिसलं. दिगंबरचं कंपनीचं हेल्मेट. त्याच्या आत डोक्याभोवती बसणारा प्लास्टिकचा पट्टा असतो आणि मागे एक छोटं चाक. चाक फिरवलं की पट्टा आवळतो. मी ते घालून मान झटकली, खाली वाकले, हेल्मेट जागचं हललं नाही. रात्रपाळी करून आलेला दिगंबर दारात उभा राहून मेव्हणीचा हा नाच बघत होता. त्याने फक्त एवढंच विचारलं, अक्का, कामाला लागताय का कुठं?

त्यानेच सांगितलं की हेल्मेटची मुदत संपते. मुदत संपली की कंपन्या ती मोडीत काढतात, परत कोणी वापरू नये म्हणून वरून भोक पाडतात. आतला पट्टा मात्र शाबूत असतो. पिंपरीकडे एका ओळखीच्या भंगारवाल्याकडे ढीग असेल. त्या दिवशी निर्मलाला सुट्टी होती, आम्ही दोघी बसने गेलो.

भंगारवाल्याकडे खरोखरच पिवळ्या हेल्मेटांचा ढीग होता, प्रत्येकाच्या माथ्याला भोक. मी एकेक उचलून आतलं चाक फिरवून बघत होते, कलिंगड निवडावं तशी. तो वैतागला नाही. पट्टे कशाला हवेत विचारलं आणि ऐकून म्हणाला, मग घाम टिपायची फोमची पट्टी पण घ्या, नाहीतर कपाळ सोलून निघेल. त्याने स्वतः दहा-बारा हेल्मेटं उलटी करून त्यातल्या त्यात स्वच्छ पट्टी शोधून दिली. आमच्याकडचा भंगारवाला कधी मान वर करून बोलत नाही.

तिथून कॅम्पात, म्हणजे पिंपरीच्या सिंधी बाजारात गेलो. कॅम्पातल्या गल्ल्यांमध्ये इलॅस्टिक, कड्या, बकलं, झिप सगळं एका दुकानात मिळतं आणि दुकानदार वार मोजता मोजता तिघांशी बोलतो. मला हावऱ्यासारखं झालं होतं. निर्मला म्हणाली, अक्का, एका टोपीला एवढं लागतंय का? मग तिने मला दाल-पकवान खायला नेलं. कुरकुरीत मोठी पुरी आणि वर हरभऱ्याच्या डाळीचं दाट वरण, कांदा, चिंचेची चटणी. सिंधी लोकांचा नाश्ता. आमच्याकडे डाळ पुरणासाठी शिजवतात, सकाळी सकाळी अशी खावी हे आजवर कुणाला सुचलं नव्हतं. एक पकवान निर्मलाच्या पदरावर फुटलं, आणि ती महिन्याभरात पहिल्यांदा मोठ्याने हसली. मला फार बरं वाटलं.

रविवार, पिंपळे गुरव

घरच्या मशीनची सुई त्या प्लास्टिकमधून जाईना. दोन सुया मोडल्यावर मी हात टेकले. निर्मलाची मैत्रीण शीला पिंपळे गुरवला राहते. तिचे वडील इथल्याच एका कारखान्यात होते, तिची मुलगी आता बँकेत आहे, आणि ती स्वतः घरी ऑफिसच्या बॅगा शिवते. तिच्याकडे जाड कापडाचं जड मशीन होतं. रविवारी सकाळी आम्ही तिच्याकडे पोचलो. पुढच्या खोलीत बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली कापलेल्या बॅगांचे गठ्ठे, आणि खिडकीशी ते काळं मशीन. शीलाने मला खुर्ची दिली आणि बाजूला सरकली. शिवणारीने आपलं मशीन दुसरीला देणं म्हणजे काय ते आम्हा शिवणाऱ्यांनाच कळतं.

दुपारपर्यंत टोपी झाली. काठात खोक्याची पट्टी, आत हेल्मेटचा पट्टा चार ठिकाणी टाचलेला, कपाळाला फोम, चष्म्याच्या काड्यांना इलॅस्टिक. मागचं चाक बाहेर दिसू नये म्हणून त्यावर कापडाची झडप. निर्मलाने घालून पाहिली, उड्या मारल्या, शीलाने टेबलफॅन तोंडासमोर धरला. टोपी हलली नाही. वरून बघाल तर ठेकेदाराने दिली तशीच्या तशी. मी इतकी खूश होते की शीलाने केलेल्या सुक्या बोंबलाच्या चटणीबरोबर दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

जेवण झालं. शीला आणि निर्मला आत भांडी आवरायला गेल्या. मी टोपीकडे बघत होते. काठावर शिवताना एक-दोन सुरकुत्या पडल्या होत्या. टेबलावर शीलाची इस्त्री होती.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. मला कळलं नाही. हात आपोआप गेला. इस्त्री टेकवली, नेहमीसारखी दाबली, आणि काठ माझ्या हाताखाली जिवंत झाल्यासारखा वर वळला. जळका वास सुटला. उचलून बघते तो आतली पट्टी वितळून आकसली होती, पुढच्या काठाचा वीतभर भाग गोळा होऊन बसला होता, आणि खालचं कापड प्लास्टिकला चिकटलं होतं.

वासाने दोघी बाहेर आल्या. निर्मलाने टोपी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं, आणि खाली बसली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. वर्षाला एकच टोपी मिळते आणि उद्या सकाळी सातला तपासणी होती. तिच्या मैत्रिणींनी वर्षानुवर्षं ही पट्टी वापरली, एकीची टोपी जळली नव्हती.

"टोपीला इस्त्री कोण करतं, ताई?" शीला म्हणाली. तिने टोमणा मारला नव्हता, तिला खरंच प्रश्न पडला होता. शुक्रवारी ज्या टीपांना मी मनात नावं ठेवली त्या सगळ्या टोप्या त्या क्षणी शाबूत होत्या.

काठ कापून लहान करावा तर डॉक्टरांची चार बोटं उरत नव्हती. शेवटी शीलानेच मार्ग काढला. वरच्या पदराचा जळका भाग कापून तिथे टोपीच्या झडपेचं खाकी कापड लावलं. खालचा पदर पूर्ण काढून टाकला आणि तिच्या बॅगांचं गडद राखाडी कापड गोल कापून बसवलं, आत नवी पट्टी. आम्ही दोघींनी मिळून केलं, ती मशीनवर आणि मी हाताने. मी नेहमीपेक्षा बारीक टाके घातले. सहाला टोपी पुन्हा उभी राहिली. निर्मलाने ती घालून गच्चीत उन्हाकडे पाहिलं आणि म्हणाली, खालून काळं असलं की डोळ्याला थंड वाटतंय. तेवढाच दिलासा. बाकी सगळं उघडं पडलं होतं. झडप गेल्याने चाक मागून दिसत होतं, पुढे ठिगळ दिसत होतं, आणि काठ खालून राखाडी. फेरफार करायचा नाही ही पाटी माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. येताना बसमध्ये मी तिला म्हटलं, मी साहेबांना सांगते, चूक माझी आहे. ती म्हणाली, तू काही सांगू नको, तू नुसती उभी राहा.

सोमवार, चाकण

पावणेसातला अकराही बायका गेटबाहेर भिंतीलगत रांगेत उभ्या होत्या. मी चार हात लांब, रखवालदाराच्या खोलीशेजारी. साहेब आले. मी मनात मोठ्या मिशांचा माणूस धरून बसले होते. आले ते पस्तिशीचे, सडपातळ, डोक्यावर तसलीच खाकी टोपी आणि बगलेत वही. निर्मलाचं नाव आधी पुकारलं.

तिला वाकायला सांगितलं, वर बघायला सांगितलं, दोन पावलं पळायला सांगितलं. तेवढ्यात एक ट्रेलर गेला. टोपी हलली नाही. माझा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच त्यांनी टोपी मागितली, उलटी केली, चाक फिरवून पाहिलं, राखाडी कापडावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, हा फेरफार आहे, पाटी वाचता येते ना? ही टोपी आणि पास दोन्ही जमा करा. आवाज चढवलेला नव्हता. वही उघडली.

माझा पाय पुढे पडला होता. त्याआधी निर्मला बोलली. तिचा आवाज घट्ट होता, तसा मी तो लहानपणापासून दोन-तीनदाच ऐकला आहे.

"साहेब, दिली तशी घातली तर पडती. पडली की तुम्ही लिहून घेता. सरळ केली तर फेरफार म्हणून लिहून घेता. मंग मी डोळा कुठं ठेवू ते तरी सांगा."

साहेबांनी वहीतून डोकं वर काढलं. मग म्हणाले, बाकीच्यांना बरी बसते, तुम्हालाच काय होतं? आणि शेजारच्या मंदाबाईंना म्हणाले, मावशी, तुमची टोपी काढून दाखवा यांना.

मंदाबाई जागच्या हलल्या नाहीत. "काढायची म्हंजी आंबाडा सोडावा लागंल, साहेब. सोडू का?"

साहेब मागे जाऊन बघतात तो फटीतून आंबाडा. त्यांनी घाईघाईने नको म्हटलं. मग ते पुढच्या बाईकडे गेले, मग तिच्या पुढच्या. रबर निघालं, कड्या निघाल्या, इलॅस्टिक निघालं, काठ वाकवला की प्रत्येक वेळी टणकन जागेवर. बायका समोर बघत उभ्या होत्या. शेवटच्या बाईपर्यंत पोचेपर्यंत त्यांना घाम फुटला होता. कपाळ पुसायला त्यांनी स्वतःची टोपी काढली आणि तिच्या आतून घडी घातलेलं वर्तमानपत्र खाली पडलं. टोपी सैल होते म्हणून आतल्या कडेत ठेवलेलं.

कोणी हसलं नाही. मंदाबाईंनी वाकून ते उचललं, धूळ झटकली आणि त्यांना दिलं. त्यांनी घेतलं, घडी नीट केली, परत टोपीत ठेवली आणि टोपी घातली. मग रांगेच्या सुरुवातीला निर्मलापाशी येऊन तिची टोपी हातात घेऊन उभे राहिले.

"लोंबतं काही आहे का हिला?"

"नाही, साहेब," निर्मला म्हणाली.

"मग चला कामाला," ते म्हणाले, टोपी तिच्या हातात दिली आणि वही बगलेत घालून आत गेले. पास निर्मलाकडेच राहिला.

मी टपरीवर जाऊन बसले. दुपारची गाडी होती, पण थोडा वेळ मला तिथून उठवेना. रस्त्यापलीकडे आठ वाजेपर्यंत ऊन चांगलंच चढलं. कंटेनर जात होते, वारा उठत होता, आणि अकराही बायका दोन्ही हातांनी खुरपी चालवत होत्या. कोणी डोक्याला हात लावत नव्हतं. मी डोळे फाडून बघितलं, पण इतक्या लांबून त्यातली माझी बहीण कोणती ते मला ओळखता आलं नाही.